बीज : एका दाण्यातील जीवन

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पाठशाळेत स्थावर जीवांचा पाठ सुरू झाला की एखादे चुणचुणीत मूल हमखास विचारते, "गुरुजी, गव्हाच्या दाण्यात जीव आहे का ? असला तर तो हलत का नाही ? आणि पिठात तो कुठे जातो ?" प्रश्न बालसुलभ असला तरी उत्तर सोपे नाही. स्वयंपाकघरातील डबे उघडले तर त्यात काय दिसते ? तांदूळ, गहू, ज्वारी, तूर, मूग, तीळ, मोहरी, जिरे. जवळजवळ प्रत्येक डब्यात बीज किंवा बीज पोटात घेतलेले फळच भरलेले असते. अंगावरचे सुती वस्त्र हेसुद्धा एका बीजाचेच देणे आहे. ज्याच्या आधारावर शाकाहारी समाजाचे अन्न आणि वस्त्र उभे आहे, त्या बीजाचा जन्म कसा होतो, ते किती काळ जगते आणि त्याच्या बाबतीत गृहस्थाचे काय कर्तव्य ठरते, याचा विचार सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी करणे उचित ठरेल.

दाण्याच्या आत

रात्रभर भिजवलेला हरभरा बोटांनी अलगद दाबला की साल निघते, दोन दळे वेगळी होतात आणि त्यांच्या सांध्यापाशी पांढुरका इवला कोंब दिसतो. हा कोंब म्हणजे गर्भ. त्याचे एक टोक पुढे मूळ होणार, दुसरे खोड होणार. दोन दळे म्हणजे त्या गर्भाची शिदोरी, आणि साल म्हणजे त्याचे कवच. गर्भ, शिदोरी आणि कवच या तीन गोष्टी एकत्र आल्या की बीज तयार होते. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर वारस, भांडवल आणि तिजोरी एकाच मुठीत बांधून देणारी ही निसर्गाची पेढी आहे.

आहारविधीत 'द्विदल' हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. कच्च्या दह्याबरोबर द्विदल घेऊ नये हा नियम घराघरांत पाळला जातो. वनस्पतिशास्त्रानेही फुलझाडांचे वर्णन करताना एकदल आणि द्विदल हेच भेद सांगितले आहेत. ज्वारी, गहू, तांदूळ, मका ही एकदल धान्ये. त्यांची शिदोरी दळात नसून गर्भाच्या बाहेर, दाण्याच्या पिठूळ भागात असते. तूर, मूग, हरभरा, वाटाणा ही द्विदल धान्ये. त्यांच्या गर्भाने ती शिदोरी आधीच आपल्या दळांत ओढून घेतलेली असते. पोळीचे पीठ आणि वरणाची डाळ या दोन्ही वस्तू मुळात कोणा गर्भासाठी ठेवलेल्या आहेत, ही जाणीव जेवताना झाली तर ताटात उष्टे टाकण्यास हात धजणार नाही.

बीजाचा जन्म

बीज ही वनस्पतींची जुनी संपत्ती नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर हिरवीगार मॉस आणि नेचे वाढतात, त्यांना बी येत नाही. ती सूक्ष्म बीजाणूंनी पसरतात, आणि त्यांच्या नरपेशीला मादीपेशीपर्यंत पोहत जावे लागत असल्यामुळे पाण्याचा थेंब नसेल तर वंश पुढे सरकत नाही. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी काही वनस्पतींनी ही पाण्याची ताबेदारी संपवली. नरपेशी परागकणात बंद झाली, गर्भ मातेच्या अंगावरच वाढू लागला आणि शिदोरीसह कवचात बांधून बाहेर पडू लागला. बीजधारी वनस्पतींचा प्रारंभ तो हाच.

त्यांचे दोन वर्ग आहेत. देवदार, चीड, सायकस यांसारख्या झाडांचे बी फळात झाकलेले नसते, म्हणून ती अनावृतबीजी. सुकामेव्यातील चिलगोजा हे अशाच एका हिमालयीन वृक्षाचे बी होय. या वर्गात आज जेमतेम हजारभर जाती आहेत. दुसरा वर्ग आवृतबीजी, म्हणजे फुलझाडांचा. यांचे बी फळाच्या पोटात सुरक्षित असते आणि यांच्या जातींची संख्या सुमारे तीन लाखांहून अधिक आहे. शेतातील अन्न, बागेतील फूल आणि पूजेच्या थाळीतील श्रीफळ, बदाम हे सारे याच वर्गाचे.

फुलालाही स्त्री-पुरुष भेद असतो, हे युरोपात प्रयोगाने दाखवून दिले ते जर्मनीतील ट्यूबिंगन येथील रुडॉल्फ कॅमेरेरियस यांनी. १६९४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पत्रात त्यांनी लिहिले, की एरंडाची नरफुले खुडून टाकली तर त्या झाडाला बी धरत नाही. फुलातील पुंकेसराच्या टोकाशी पराग तयार होतो. वारा, मधमाशी, फुलपाखरू किंवा पक्षी तो दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर नेऊन पोहोचवतो. तेथे परागकण रुजतो आणि त्यातून केसाहून बारीक नळी निघून थेट अंडाशयातील बीजांडापर्यंत जाते. या नळीतून दोन नरपेशी आत येतात. त्यांपैकी एक अंडपेशीशी मिळते आणि गर्भ तयार होतो. दुसरी मध्यभागातील दोन केंद्रकांशी मिळते आणि त्यातून गर्भाचे अन्न निर्माण होते. या क्रियेला द्विफलन म्हणतात. १८९८ साली कीव्ह येथील सर्गेई नवाशिन यांनी ती प्रथम पाहिली. बाळ आणि बाळाचे दूध एकाच क्षणी तयार व्हावे, तशी ही व्यवस्था आहे. फलन झाले नाही तर शिदोरीवर खर्च नाही. निसर्गाचा हिशेब किती चोख !

शहाळ्याचे पाणी पिताना सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, की ते नारळाच्या गर्भासाठी साठवलेले द्रवरूप अन्नच आहे. पुढे त्याचेच कडेला खोबरे बनते. नारळ फोडल्यावर डोळ्याजवळ कधी कधी दिसणारा मऊ कोंब हा त्याचा गर्भ.

या शास्त्रात भारताचे स्थान मानाचे आहे. जयपूर येथे १९०४ साली जन्मलेले प्रा. पंचानन माहेश्वरी यांनी दिल्ली विद्यापीठात वनस्पतींच्या गर्भविज्ञानाची जगन्मान्य परंपरा उभी केली. १९६२ साली कुसुम कांता, रंगस्वामी आणि माहेश्वरी यांनी खसखशीच्या बीजांडांवर काचनळीत पराग टाकून फलन घडवून आणले आणि तेथेच सजीव बी तयार केले.

कापसाचे बोंड

वस्त्रव्यवसायात आयुष्य घालवलेल्या माणसालाही सुताचा धागा मुळात काय आहे हे क्वचितच ठाऊक असते. कापसाच्या बीजांडाच्या सालीवरील एकच पेशी लांबत लांबत जाते आणि तिचा धागा होतो. एका बीवर असे हजारो धागे असतात. फूल उमलते त्याच दिवशी ही वाढ सुरू होते, सुमारे तीन आठवडे चालते आणि मग आतून सेल्युलोजचे थर चढून धाग्याला बळकटी येते. जाडीच्या हजारपट लांबीची ही पेशी जगातील वनस्पतिपेशींमध्ये आश्चर्य मानली जाते.

अमेरिकन जातीच्या कपाशीचे फूल सकाळी दुधाळ पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी-तांबडे होते आणि मग गळून पडते. या अल्प अवधीत परागण झाले तर बोंड धरते. ज्या बीजांडाचे फलन होत नाही, त्याच्यावर चांगला धागा तयार होत नाही. वऱ्हाड-खानदेशच्या जिनिंगमध्ये कापसातून रुई आणि सरकी वेगळी केली जाते, तेव्हा वजनाने साधारण एक तृतीयांश रुई निघते आणि उरलेला बहुतेक भाग सरकीचा असतो. म्हणजे व्यापारी ज्याला मुख्य माल मानतो ते झाडाच्या दृष्टीने केवळ बीचे पांघरूण, आणि ज्याला दुय्यम मानतो तेच झाडाचे सर्वस्व.

१९७० साली सुरत येथील संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा कापसाचा जगातील पहिला व्यापारी संकरित वाण दिला. अशा संकरित बियाण्यासाठी आदल्या संध्याकाळी कळीतील पुंकेसर हातांनी काढावे लागतात आणि दुसऱ्या सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग हातानेच लावावा लागतो. फुलपाखराचे काम शेतमजूर भगिनींची बोटे करतात. उत्पन्न वाढले, परंतु संकरित पिकाचे बी पुन्हा पेरल्यास पहिले गुण टिकत नाहीत. म्हणून शेतकऱ्याला दर वर्षी नवे बी विकत घ्यावे लागते. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर घरचे कपाशीचे बियाणे ठेवण्याची रीत जवळजवळ संपली. जे बी शेतकऱ्याच्या कणगीत होते ते दुकानाच्या फळीवर गेले. हा लाभ की हानी, याचा ताळेबंद एका ओळीत मांडता येत नाही. परंतु जमेची बाजू लिहिताना खर्चाची बाजू कोरी ठेवणे हा हिशेब नव्हे.

बीजावाचून वृद्धी

वनस्पती केवळ बीपासूनच उगवतात असे नाही. आगमांचे वर्गीकरण येथे आश्चर्य वाटावे इतके सूक्ष्म आहे. दशवैकालिक सूत्रात आणि पुढे गोम्मटसारातही वनस्पतींचे भेद त्यांच्या उगवण्याच्या स्थानावरून केलेले आढळतात. शेंड्यापासून उगवणारी अग्रबीज, मुळापासून उगवणारी मूलबीज, पेरापासून उगवणारी पर्वबीज, खोडापासून उगवणारी स्कंधबीज, दाण्यापासून उगवणारी बीजरुह आणि प्रत्यक्ष बीजावाचून उद्भवणारी संमूर्च्छिम. आले-हळदीची लागवड, उसाची कांडी आणि गव्हाची पेरणी या रोजच्या शेतीच्या गोष्टी या कोष्टकात चपखल बसतात. भगवान ऋषभदेवांचे पारणे ज्या इक्षुरसाने झाले, तो ऊस पर्वबीज वनस्पतीचे उदाहरण म्हणून सांगितला जातो.

कांडी लावून वाढवलेला ऊस हा मूळ उसाची हुबेहूब नक्कल असतो. बीपासून उगवलेले रोप मात्र आई आणि बाप या दोघांचे गुण नव्या रीतीने जुळवून येते. कोकणात हा भेद प्रत्येक बागायतदाराला ठाऊक असतो. हापूसचे कलम लावले तर हापूसच मिळतो, पण कोय पेरली तर कसला आंबा येईल सांगता येत नाही. म्हणूनच रायवळ आंब्याची दोन झाडे सारखी नसतात. नक्कल केल्याने चव टिकते, परंतु एक रोग आला तर सारी बाग एकाच वेळी आजारी पडू शकते. बीजामुळे विविधता येते, आणि विविधतेत संकटातून कोणीतरी तग धरण्याची आशा असते. कोईमतूर येथे १९१२ पासून उसाच्या पैदाशीचे केंद्र चालते ते याच कारणासाठी. कांडीने वाढणाऱ्या उसालाही नवा वाण हवा असेल तर तुऱ्यातील बारीक बीकडेच वळावे लागते.

भुईमुगाबद्दल घरोघरी शंका निघते, कारण शेंग जमिनीतून निघते. या झाडाचे पिवळे फूल जमिनीच्या वर उमलते, तेथेच फलन होते आणि मग फुलाच्या बुडातून एक आरी निघून मातीत शिरते व तिच्या टोकाशी शेंग भरते. शेंगदाणा हे कंदमूळ नसून मातीत लपवलेल्या फळातील बी आहे.

उंबराचे फूल

क्वचित भेटणाऱ्या माणसाला 'उंबराचे फूल' म्हणण्याची रीत मराठीत आहे. उंबराला फूल दिसत नाही हे खरे, पण फुले नसतात हे खरे नाही. ज्याला उंबराचे फळ म्हणतात तो वस्तुतः आतून पोकळ असलेला, तोंड मिटलेला फुलोरा असतो. त्याच्या आतील भिंतीवर शेकडो सूक्ष्म फुले दाटीने बसलेली असतात.

या बंद खोलीत पराग कोण पोहोचवणार ? ते काम चिलटाहून लहान अशी एक विशिष्ट गांधीलमाशी करते. टोकाशी असलेल्या अरुंद छिद्रातून मादी माशी आत घुसते, तेव्हा बहुधा तिचे पंख तुटून पडतात. ती बरोबर आणलेला पराग फुलांवर पसरते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. ज्या फुलांत अंडी पडत नाहीत त्यांत उंबराचे बी तयार होते, ज्यांत अंडी असतात त्यांत माशीची पिल्ले वाढतात. नर पिल्लांना पंखच नसतात. ती आतच माद्यांशी मीलन करतात, बाहेर पडण्याचा बोगदा कोरतात आणि मरतात. नव्या माद्या अंगावर पराग घेऊन त्या वाटेने उडून जातात आणि एक-दोन दिवसांच्या आयुष्यात दुसरा उंबर शोधतात. जगात वड-पिंपळ-उंबराच्या कुळातील सुमारे साडेसातशे जाती आहेत आणि बहुतेक जातींची माशी स्वतंत्र आहे. झाडावाचून माशी नाही, माशीवाचून बी नाही.

अमृतचंद्राचार्यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' ग्रंथात मद्य, मांस आणि मध यांच्याबरोबर पाच उदुंबर फळांच्या त्यागाचा उपदेश केला आहे. श्वेतांबर परंपरेतील बावीस अभक्ष्यांतही हीच पाच फळे येतात. वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि अंजीर वर्गातील ही फळे वर्ज्य मानण्याचे कारण त्यांत त्रस जीव असतात, हे होय. सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी शतके आधी फळ फोडून पाहणाऱ्या दृष्टीने जे टिपले, ते आज कीटकशास्त्राच्या पुस्तकात सविस्तर सापडते. येथे एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. बाजारातील अंजिराच्या काही लागवडीच्या जातींना परागणावाचूनही फळ धरते आणि त्यांत माशीचा प्रवेश होण्याची गरज नसते. तरीही परंपरेचा त्याग हा एका फळाच्या तपासणीवर नव्हे तर व्रताच्या मर्यादेवर आधारलेला आहे. त्याचा निर्णय गुरुभगवंतांनी करावा, प्रयोगशाळेने नव्हे.

वडाच्या वृक्षाखाली भगवान ऋषभदेवांना केवलज्ञान झाले, म्हणून वड वंदनीय, आणि वडाचे फळ मात्र वर्ज्य. वरकरणी विसंगत वाटणाऱ्या या दोन गोष्टी एकाच आदराच्या दोन बाजू आहेत. ते फळ पक्ष्यांसाठी आहे. बुलबुल, मैना, हरियल, वटवाघूळ ते खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. मंदिराच्या शिखरावर दगडाच्या सांध्यात पिंपळाचे रोप उगवते तेव्हा विश्वस्तांची चिंता वाढते. ती वाढणे योग्यच आहे. पण ते रोप एका पक्ष्याने केलेल्या पेरणीचा पुरावा असते. जीवांनी एकमेकांवर उपकार करीत जगावे, असे जे तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहे, त्याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

बीजाचे आयुष्य

आता पाठशाळेतील मुलाच्या प्रश्नाकडे वळता येईल. दाण्यात जीव असेल तर तो किती काळ राहतो ?

भगवती सूत्राच्या सहाव्या शतकात हाच प्रश्न विचारलेला आहे. कोठारात भरून, लिंपून, झाकून, मुद्रा लावून ठेवलेल्या धान्याची उगवणशक्ती, म्हणजेच योनी, किती काळ टिकते ? तेथील उत्तरानुसार साळी, गहू, जव यांची जास्तीत जास्त तीन वर्षे. मसूर, तीळ, मूग, उडीद, कुळीथ यांची पाच वर्षे. आणि अळशी, करडई, कोद्रा, राळा, मोहरी यांची सात वर्षे. त्यानंतर ते बीज अबीज होते. धान्याच्या प्रकारानुसार आयुष्य वेगळे असते, आणि साठवण कशी आहे हे सांगितल्याशिवाय आयुष्य सांगता येत नाही, ही दोन्ही तत्त्वे आजच्या बीजशास्त्राचा पाया आहेत.

आधुनिक संशोधन सांगते की वाळलेल्या बीमध्ये गर्भ मेलेला नसतो. त्याचा श्वास अत्यंत मंद झालेला असतो. ओलावा आणि उष्णता जितकी कमी, तितके आयुष्य अधिक. म्हणूनच आजी-पणजी बियाणे कडक उन्हात वाळवून, राख मिसळून, मडक्याचे तोंड लिंपून ठेवीत. सोयाबीनचे बी मात्र नाजूक असते. म्हणून पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून किती उगवतात ते मोजावे, असे कृषी खाते सांगते. प्रमाणित बियाण्यात किमान सत्तर दाणे उगवले पाहिजेत.

विशेष परिस्थितीत बी फार काळ तग धरते. अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम बील यांनी १८७९ साली वीस बाटल्यांत बी भरून जमिनीत पुरले. २०२१ साली काढलेल्या बाटलीतील काही बी १४२ वर्षांनंतर उगवले. इस्रायलमधील मसादा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ साली पेरली, तेव्हा तिला कोंब फुटला. ते झाड नर निघाले. पुढे तशाच प्राचीन बीपासून मादी झाडही वाढले आणि २०२० साली त्या नराच्या परागाने तिला खजूर धरले. हे आकडे शास्त्रातील सात वर्षांच्या मर्यादेत बसत नाहीत. त्याचा उलगडा विद्वान साधुभगवंत करतील. ओढूनताणून मेळ बसवण्याची घाई नको आणि शास्त्र टाकून देण्याचीही नको.

याउलट काही बियांना वाळवून ठेवणे सोसतच नाही. आंबा, फणस, जांभूळ यांची बी सुकली की मरते. जांभूळ मृगाच्या सुमारास पिकते आणि त्याच पावसात तिची बी रुजली पाहिजे. या झाडाला तिजोरी माहीत नाही, रोजचा रोकडा व्यवहारच माहीत आहे.

म्हणून मुलाला उत्तर असे देता येईल : "होय बाळ, उगवण्याची शक्ती असलेल्या दाण्यात जीव आहे, म्हणून त्याला सचित्त म्हणतात. तो झोपलेला आहे. दळताना, शिजवताना तो जातो. गृहस्थाला हे पूर्णपणे टाळता येत नाही. म्हणूनच लागेल तितकेच घ्यावे आणि घेतलेले वाया जाऊ देऊ नये."

बीजासाठी उपवास

बीजाचे मोल प्राणांहून अधिक मानणारी माणसे इतिहासात होऊन गेली. रशियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनी पाच खंडांत फिरून पिकांच्या लाखाहून अधिक बीजनमुन्यांचा संग्रह लेनिनग्राड येथे केला. सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत त्या शहराला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. लाखो नागरिक उपासमारीने मेले. संस्थेतील शास्त्रज्ञांच्या भोवती तांदूळ, गहू, मका, भुईमूग, वाटाणा यांची पाकिटे रचलेली होती. त्यांनी ती उघडली नाहीत. तांदळाच्या संग्रहाचे रक्षक दिमित्री इव्हानोव्ह तांदळाच्या हजारो पाकिटांमध्ये भुकेने गेले. भुईमुगाचे अभ्यासक अलेक्झांडर श्चुकिन यांनीही तसाच प्राण ठेवला. स्वतः वाविलोव्ह त्या वेळी आपल्याच सरकारच्या तुरुंगात होते आणि जानेवारी १९४३ मध्ये तेथेच निवर्तले.

हा काही धर्माने सांगितलेला उपवास नव्हता. परंतु हाताशी अन्न असताना, ते उद्याच्या माणसांचे आहे म्हणून आज त्याला स्पर्श न करणे, यात जो संयम आहे तो तपस्वी समाजाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आज हे काम मोठ्या प्रमाणावर चालते. नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटावर डोंगराच्या पोटात २००८ साली जागतिक बीजकोठार उघडले. तेथे उणे १८ अंश तापमानात तेरा लाखांहून अधिक नमुने ठेवलेले आहेत. सीरियातील यादवीमुळे अलेप्पोजवळची बीजपेढी वापरता येईना, तेव्हा २०१५ साली तेथील ठेव पहिल्यांदा काढण्यात आली. ते बी लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून, वाढवून, २०१७ पासून नवे बी पुन्हा कोठारात जमा होऊ लागले. मुद्दल उचलले आणि परतही केले. दिल्लीतील राष्ट्रीय जनुकपेढीतही चार लाखांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत.

परंतु बर्फातील बी झोपलेले असते, शेतातील बी जागे असते. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता वाल, घेवडा, भात आणि भाज्यांचे गावरान बियाणे जपले, वाटले, पुन्हा पेरायला लावले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शेतकऱ्याला स्वतःचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केलेला आहे. हक्क कागदावर आहे. तो मडक्यात राहावा यासाठी बी ठेवणारे हात हवेत.

जांभळाचे झाड

अनेक जिनमंदिरांच्या भिंतींवर सहा लेश्यांचे चित्र असते. सहा भुकेले पथिक जांभळाच्या झाडाशी येतात. पहिला म्हणतो, झाड मुळापासून तोडू. दुसरा म्हणतो, मोठ्या फांद्या तोडू. तिसरा लहान डहाळ्या, चौथा घोस, पाचवा फक्त पिकली फळे तोडू म्हणतो. सहावा म्हणतो, खाली पडलेली फळे पुरेशी आहेत.

हे चित्र परिणामांची शुद्धी समजावण्यासाठी आहे. वनस्पतिशास्त्राच्या प्रकाशात त्यातून आणखी एक अर्थ उमटतो. जांभळाचा गोड गर ही झाडाने दिलेली मजुरी आहे. ज्याने खाल्ले त्याने बी दूर नेऊन टाकावी, एवढीच तिची अट आहे. पहिल्या पाच जणांची भूक भागेल, पण प्रत्येकाच्या वाट्याने झाडाचे काही ना काही नुकसान होईल. सहाव्याची भूकही भागेल आणि त्याच्या हातून एखादी बी नव्या जमिनीत पडेलही. शुक्ल लेश्येचा माणूस झाडाकडून घेतो तेच, जे झाड देऊ करते. त्याच्या खाण्यात झाडाचाही लाभ असू शकतो.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या पूर्वजांनी या संस्थेचे बी पेरले, त्यांनी सावलीची अपेक्षा धरली नव्हती. त्यांचे ऋण भाषणांनी फिटणार नाही. मृगाचा पाऊस पडला की पाठशाळेतील मुलांनी खाली पडलेल्या जांभळांच्या बी गोळा कराव्यात आणि त्या वाळण्याआधी मोकळ्या जागी लावाव्यात. सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून ज्यांची शेती आहे त्या प्रत्येक कुटुंबाने एका तरी गावरान धान्याचे बी घरी राखावे आणि दर वर्षी पेरून नवे करावे. संस्थेच्या शताब्दीला जी मुले या सभागृहात बसतील, त्यांना त्या झाडाखाली पडलेले जांभूळ उचलता यावे.

जिनाज्ञेच्या विरुद्ध काही उच्चारले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र !